युद्धावरून घरी परतलेल्या माणसाला सामावून घेताना
जेवताना तो दाराकडे तोंड करूनच बसत असेल किंवा भांडे पडल्याच्या आवाजाने दचकत असेल, तर त्याला हसू नये. ज्या सावधतेने तिथे जीव वाचवला, ती शरीर इतक्या लवकर विसरत नाही. झोपेतून उठवताना अंगाला हात न लावता, थोडे दूर उभे राहून नावाने हाक मारावी. घरचे व्यवहार एकदम त्याच्या हाती न देता आधी एखादेच ठरावीक काम सोपवावे. लहान गावात भेटायला येणारे ‘किती जणांना मारलेत?’ असे सहज विचारतात (कुतूहल असले तरी प्रश्न क्रूरच). त्यांना घरच्यांनीच परस्पर आवरावे. दुःस्वप्ने, चिडचिड आणि अलिप्तपणा महिन्याहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण ती आघातोत्तर तणाव विकाराची (भयंकर अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची, PTSD) लक्षणे असू शकतात आणि १९८० साली अमेरिकी मनोविकारसूचीत नोंदला गेलेला हा विकार उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो. मद्याने मात्र तो बळावतो.