पर्लमध्ये कॉन्टेक्स्ट बघून रिटर्न कसं लिहायचं

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत तेच फंक्शन दोन ओळींत दोन वेगळी उत्तरं देतं. कॉल कुठे केलाय, यावरून कॉन्टेक्स्ट ठरतो, म्हणजे तिथे अनेक व्हॅल्यू हव्यात, एकच हवी की काहीच नको. `@क = नावे();` आणि `($क) = नावे();` हा लिस्ट कॉन्टेक्स्ट, `$क = नावे();` हा स्केलर, आणि उत्तर कुठेच न घेता नुसतं `नावे();` लिहिलं तर व्हॉइड. डावीकडचे कंस नीट बघा, फरक तेवढाच आहे.

आता रिटर्नपुढे काय लिहिता ते. ॲरेत ७, ८, ९ आहेत आणि तो ॲरेच परत केला, तर स्केलरमध्ये ३ मिळतात, म्हणजे घटकांची संख्या. `(७, ८, ९)` असं थेट लिहून परत केलं तर ९ मिळतात, कारण स्केलरमध्ये तिथला स्वल्पविराम ऑपरेटर होतो आणि शेवटची व्हॅल्यू तेवढी उरते. पहिला घटक हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्यासाठी कॉन्टेक्स्ट कोणता ते सांगणारं वाँटअरे हे पर्लचंच फंक्शन आहे: लिस्टमध्ये ट्रू, स्केलरमध्ये फॉल्स, व्हॉइडमध्ये अनडेफ (म्हणजे व्हॅल्यूच नाही). व्हॉइड आधी तपासा, नाहीतर अनडेफ फॉल्समध्येच गणला जातो. नावावर जाऊ नका, ॲरेशी त्याचा संबंध नाही.

काहीच सापडलं नाही तर? नुसतं रिटर्न लिहा. लिस्टमध्ये रिकामी लिस्ट, स्केलरमध्ये अनडेफ. ‘रिटर्न अनडेफ’ लिहिलंत तर लिस्टमध्ये एक घटक येतो आणि `@क = नावे()` ही इफमधली अट खरी ठरते.

पण नुसत्या रिटर्नचाही एक सापळा आहे. हॅशमध्ये (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांमध्ये) `नाव => शोध(), वय => ४०` लिहिलं की शोध लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये चालतं. रिकामी लिस्ट आली की ‘वय’ हीच ‘नाव’ची व्हॅल्यू होते. जास्त घटक आले तर नव्या कीज घुसतात; २०१४ मध्ये बगझिला या बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली सुरक्षेची त्रुटी नेमकी अशीच होती. फॉर्ममधून एकाच फील्डच्या अनेक व्हॅल्यू पाठवून लॉगिनचं नाव बदलता येत होतं. उपाय एका शब्दाचा: `स्केलर(शोध())`.

प्रिंटही आतल्या कॉलला लिस्ट कॉन्टेक्स्टच देतं. म्हणून `प्रिंट लोकलटाइम` लिहिल्यावर तारखेऐवजी ९ आकडे चिकटून छापले जातात. तिथेही स्केलर लावा. उलट, किती घटक आले एवढंच मोजायचं असेल तर `$न = () = नावे();`.

रिटर्नमध्ये दुसरं फंक्शन कॉल केलं तर बाहेरचा कॉन्टेक्स्ट जसाच्या तसा आत जातो. त्यामुळे चूक तीन पायऱ्या खाली दिसते. शोधताना सर्वांत आतल्या फंक्शनमध्ये वाँटअरेची व्हॅल्यू वॉर्नने छापून बघा.