खोट्या भाडेपावतीला नाही कसं म्हणायचं

जानेवारीत एचआरचा मेल येतो, प्रूफ सबमिट करा, आणि ऑफिसात कर वाचवण्यासाठी दाखवायच्या भाडेपावत्यांचा सीझन सुरू होतो. राहायचं स्वतःच्याच फ्लॅटमध्ये आणि पावती मामाच्या सहीची. हे करणारी माणसं एरवी सरळमार्गी असतात, रिक्षावाल्याचे दहा रुपये ठेवून घेणार नाहीत, पण सरकारचे बुडवले तर कोणाचंच काही गेलं असं त्यांना वाटत नाही. मला हे फार खुपतं.

आधी बघा की तुम्ही भाडं खरंच देता का. आईवडिलांच्या नावावरच्या घरात राहत असाल आणि त्यांना दर महिन्याला बँकेतून भाडं देत असाल तर एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची, करसूट बिनधास्त घ्या, फक्त साधा करार करा आणि त्यांनी ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं, त्यावर त्यांना ३० टक्के वजावटही मिळते. ही सूट जुन्या रिजीममध्येच, म्हणजे जुन्या करपद्धतीतच, आहे, नवीन घेतली असेल तर पावत्यांचा प्रश्नच येत नाही.

आता शेजारच्या डेस्कवरचा म्हणेल, अरे आपला टीडीएस, म्हणजे पगारातूनच कर, आधीच कापतात, व्यापारी बघ कसे मजेत आहेत. यावर वाद घालू नका कारण त्याची चीड खरी आहे, पण एवढं नक्की विचारा की तुझ्याइतकाच पगार घेऊन पूर्ण कर भरणाऱ्या आपल्याच टीममेटचं काय? दुसरा म्हणेल, रस्त्यात खड्डे, कशाला भरायचा. त्याला पगाराच्या स्लिपवरचा व्यवसाय कर दाखवा, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये लावला, तेव्हा खडी फोडून घर चालवणाऱ्यांची मजुरी काही अंशी पगारदारांच्या या पैशातून निघाली, कदाचित त्याच्या आजोबांनाही ती मिळाली असेल. खड्ड्यांचा जाब विचाराच, मी पण विचारतो, पण कर भरून.

सगळ्यात अवघड म्हणजे भाचा पॅन मागायला येतो तेव्हा. वर्षाला १ लाखाच्या वर भाडं दाखवलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा, "बाळा, ते भाडं माझ्या नावावर उत्पन्न म्हणून दिसेल, न मिळालेल्या पैशाची सही मी करणार नाही, आणि पकडला गेलास तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड तुला बसू शकतो." नातं तुटत नाही, दोन दिवस फुगून बसेल.

आणि मागच्या वर्षी पावती देऊन झाली असेल तर सीएला सांगून ती सूट काढून रिटर्न दुरुस्त करून घ्या, रिव्हाइजची मुदत गेली तरी जादा कर भरून अपडेटेड रिटर्नची सोय आहे, जेवढा उशीर तेवढा तो जादा कर वाढतो, आणि ज्यांचा पॅन वापरलात त्यांनाही हे लगेच कळवा.