प्राध्यापकाचा मुख्यमंत्री झाला, हे वाचनालयात कसे सांगावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या वाचनालयात जर्मनीच्या एकीकरणावर व्याख्यान द्यायचे असेल, तर पूर्व जर्मनीतील सॅक्सनी राज्याचे मुख्यमंत्री झालेले प्राध्यापक कुर्ट बीडेनकॉफ यांची कारकीर्द निवडावी. मात्र त्यांची पदे जन्मापासून ओळीने वाचून दाखवू नयेत, कारण तसे केल्यास १९९० हे साल इतर सालांच्या रांगेत हरवते.

सुरुवात घरच्या कागदाने करावी. आजोबांचा १९५६ पूर्वीचा, मुंबई राज्याचा उल्लेख असलेला शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत जपून ठेवलेला असेल, तर तो सोबत न्यावा. गाव तेच, शाळा तीच, पण धाकट्या भावाच्या दाखल्यावर म्हैसूर राज्य, हे पाहिले की पूर्व जर्मनीने १९५२ मध्ये सॅक्सनी राज्य मोडून तीन जिल्हे केले आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते पुन्हा उभे राहिले, हे श्रोत्यांच्या लगेच ध्यानी येते. तुलना तेथेच थांबवावी. आपल्याकडे एकाच देशात राज्यांची पुनर्रचना झाली; तिकडे चलन, कायदा आणि मालकीची व्यवस्थाही बदलली.

पूर्वायुष्य थोडक्यात आटोपावे: जन्म १९३०, कायद्याचे प्राध्यापक, १९६७ ते १९६९ बोखुम विद्यापीठाचे कुलगुरू, १९७३ ते १९७७ ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन या पक्षाचे सरचिटणीस, आणि पुढे पक्षाचे नेते हेल्मुट कोल यांच्याशी आलेले वितुष्ट. एक तपशील मात्र सोडू नये. बीडेनकॉफ यांचे वडील श्कोपाऊ येथील बुना या कृत्रिम रबराच्या कारखान्यात असल्याने त्यांच्या बालपणाची काही वर्षे पुढे पूर्व जर्मनीत गेलेल्या भागातच सरली होती.

खरा वेळ १९९० ला द्यावा. फळ्यावर पाच तारखा लिहाव्यात: १८ मार्च, पूर्व जर्मनीची मुक्त निवडणूक; १ जुलै, पश्चिम जर्मनीचे मार्क चलन पूर्वेत लागू; ३ ऑक्टोबर, एकीकरण; १४ ऑक्टोबर, सॅक्सनी विधिमंडळाची निवडणूक; २७ ऑक्टोबर, बीडेनकॉफ मुख्यमंत्री. मग सांगावे की उमेदवारी मिळण्याआधी त्याच वर्षी ते सॅक्सनीतील लाइपझिग विद्यापीठात अतिथी प्राध्यापक म्हणून शिकवत होते. माझ्या मते कारकिर्दीची किल्ली येथे आहे: मते मागण्याआधी ते तेथील विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले होते, आणि लागोपाठ तीन निवडणुकांत मिळालेल्या स्पष्ट बहुमताचा विचार करताना हा क्रम विसरता येत नाही.

शासकीय निवासस्थानाच्या भाड्यावरून झालेली टीका आणि २००२ मधील राजीनामा हेही सांगावे; आदरापोटी ते गाळू नये. प्रश्नोत्तरांसाठी १९५२ पूर्वीचा आणि १९९० नंतरचा असे सॅक्सनीचे दोन नकाशे टेबलावर शेजारी शेजारी पसरून ठेवावेत, कारण सीमा नेमकी कोठून गेली, हा प्रश्न आपल्या भागात सर्वांत आधी येतो.