आधी बांगड्याचा भाव, मग व्याख्या: पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र कसं अभ्यासावं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत अर्थशास्त्र घेतलेली बरीच मुलं आधी व्याख्या पाठ करतात आणि आकृत्यांकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वळतात. हा क्रम उलटा करा. सूक्ष्म अर्थशास्त्र, म्हणजे एकेका वस्तूच्या बाजाराचा आणि किमतीचा अभ्यास, हा हाताने शिकायचा विषय आहे. त्याला कोरे कागद, पट्टी आणि पेन्सिल लागते.

आकृतीत किंमत उभ्या अक्षावर आणि नगसंख्या आडव्या अक्षावर घ्यायची. गणिताची सवय असलेल्यांना हे खटकतं, कारण तिथे जे बदललं की बाकीचं बदलतं ते आडव्या अक्षावर असतं. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने रूढ केलेली ही रीत आहे, ती तशीच पाळा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवा. समजा बंदरावर बांगड्याची रोजची मागणी = ६०० − २ × किंमत आणि पुरवठा = ३ × किंमत − १०० (किलोत). दोन्ही समान मांडले की किंमत १४० रुपये आणि नग ३२० किलो येतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. बिगरयांत्रिक होड्या चालू राहतात, म्हणून पुरवठा घटतो पण शून्य होत नाही. समजा तो ३ × किंमत − ३०० झाला. पुन्हा सोडवा: किंमत १८०, नग २४०.

इथे सगळ्यात जास्त गुण जातात. लोकांनी बांगडा कमी घेतला म्हणून विद्यार्थी मागणी वक्रही डावीकडे सरकवतात. मागणी वक्र जागचा हललेला नाही. गिऱ्हाईक त्याच वक्रावर वर सरकलं आहे. याला विचलन म्हणतात, आणि इथे झाला तो मागणीचा संकोच. श्रावण लागला आणि घरोघरी मासे बंद झाले, तर त्याच भावाला मागणी कमी होते आणि अख्खा वक्र डावीकडे जातो. तो मागणीतील बदल, म्हणजे ऱ्हास. मराठीत संकोच आणि ऱ्हास हे वेगळे शब्द आहेत, हा आपला फायदा आहे. ते एकमेकांच्या जागी वापरू नका. आकृती काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: बदललं ते त्याच वस्तूच्या किमतीमुळे, की दुसऱ्या कशामुळे?

त्याच आकड्यांवर लवचिकताही काढा, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते ते. मध्यबिंदू पद्धतीने (जुन्या-नव्या आकड्यांच्या सरासरीने भागून) नगसंख्या सुमारे २८.६ टक्के घटली (८० भागिले २८०), किंमत २५ टक्के वाढली (४० भागिले १६०), म्हणून लवचिकता सुमारे १.१४. एकाहून जास्त आहे, तर भाव वाढूनही एकूण विक्री घटायला हवी. ताडून बघा: १४० × ३२० = ४४,८००, आणि १८० × २४० = ४३,२००. उत्तर जुळलं नाही तर चूक बहुतेक टक्केवारीच्या पायात असते.

खर्चाच्या प्रकरणात स्थिर आणि बदलता खर्च नीट वेगळे केले की निम्मं काम झालं. समजा बोटीच्या एका फेरीला डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी मिळून १२,००० रुपये लागतात, आणि कर्जाच्या हप्त्याचा वाटा ४,००० आहे. मासळी १४,००० ला जाणार असेल तर बोट काढावी का? काढली तर तोटा २,०००, किनाऱ्याला ठेवली तर ४,०००. म्हणजे काढावी. हप्ता बोट थांबली तरी द्यावाच लागतो, म्हणून मिळकतीतून बदलता खर्च निघत नसेल तरच थांबायचं. अल्पकाळात उत्पादन बंद करण्याचा नियम एवढाच आहे. आकृतीत सीमांत खर्च (आणखी एक नग काढायला येणारा खर्च) वक्र सरासरी खर्च वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूतच छेदतो. छेद डावीकडे पडला की आकृती चुकली.

स्थूल अर्थशास्त्राची, म्हणजे अख्ख्या देशाच्या उत्पादन-महागाईच्या अभ्यासाची, तयारी वेगळी असते. इथे आकृतीपेक्षा हिशेब आणि साखळी महत्त्वाची. पहिला हिशेब मूल्यवर्धनाचा. बागायतदाराने १,००० चे आंबे कारखान्याला दिले, कारखान्याने पल्प दुकानदाराला १,६०० ला विकला, दुकानदाराने गिऱ्हाइकाला २,००० ला. देशांतर्गत उत्पादनात ४,६०० नव्हे, २,०००च धरायचे: १,००० + ६०० + ४००. मुंबईच्या चाकरमान्याने गावी पाठवलेले पैसे त्यात धरत नाहीत, ते हस्तांतरण आहे. आखातातून घरी आलेला पैसाही देशांतर्गत उत्पादनात नसतो. तो व्यवहारतोलाच्या (देशाच्या परदेशाशी झालेल्या देण्याघेण्याच्या हिशेबाच्या) चालू खात्यात येतो.

दुसरा हिशेब चालू आणि स्थिर किमतींचा. पहिल्या वर्षी १०० पेट्या २,००० च्या भावाने, दुसऱ्या वर्षी ९० पेट्या २,५०० च्या भावाने. चालू किमतींना उत्पादन २,००,००० वरून २,२५,००० झालं, साडेबारा टक्के वाढ दिसते. पहिल्या वर्षाच्या भावाने मोजलं तर १,८०,०००, म्हणजे दहा टक्के घट. हे गणित न बघता दोनदा करता आल्याशिवाय पुढच्या धड्याकडे जाऊ नका.

पतधोरणाच्या उत्तरात साखळी तोडू नका. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) वाढला, बँकांना पैसा महाग पडला, कर्जाचे व्याजदर चढले, नव्या इंजिनासाठी कर्ज घेणारे थांबले, गुंतवणूक आणि एकूण मागणी घटली, किमतींवरचा दाब उतरला. मधली कडी गाळून थेट ‘महागाई कमी होते’ लिहिलं की गुण कापले जातात. २०१६ पासून भारतात चलनवाढीचं लक्ष्य ४ टक्के, वरखाली २ टक्के, असं कायद्याच्या चौकटीत ठरतं आणि सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर ठरवते. हे आकडे उत्तरात द्या.

गुणकाला, म्हणजे खर्च वाढला की एकूण उत्पन्न किती पट वाढतं त्या आकड्याला, फार वेळ देऊ नका. सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढलेल्या उत्पन्नातला खर्च होणारा भाग) ०.८ असेल तर १ भागिले (१ − ०.८), म्हणजे १ भागिले ०.२, म्हणजे ५. ‘बाकी परिस्थिती कायम असताना’ हे मात्र लिहायला विसरू नका.

आठवड्याला दोन आकृत्या पुरतात, पण प्रत्येक पाच वेळा कोऱ्या कागदावर काढा, अक्षांना नावं आणि बाणांची दिशा देऊन. वहीच्या शेवटी दोन रकाने आखा: एकात मराठी संज्ञा, दुसऱ्यात इंग्रजी, कारण विद्यापीठाची संदर्भपुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात. परीक्षेत आकृती आधी काढा, उत्तर तिच्यावर बोट ठेवून लिहा: जुना समतोल, काय सरकलं, नवा समतोल.