लिस्बनला दोन महिने: बॅग भरण्याआधी दुसरा चष्मा शोधा

गेल्या खेपेला गोव्याहून लेकीकडे लिस्बनला दोन महिने राहायला गेलो, तेव्हा आमच्या बॅगेत काय नव्हतं ते विचारा. भाजणी होती, सोलं होती, तिरफळं होती, एकदाही न नेसलेल्या तीन साड्या होत्या. दुसरा चष्मा तेवढा नव्हता. सहाव्या दिवशी लेक काबो दा रोकाला घेऊन गेली. युरोपच्या मुख्य भूमीचं ते सगळ्यात पश्चिमेचं टोक, खाली शंभरेक मीटरवर समुद्र आणि वारा असा की उभं राहवत नाही. ओढणी उडून तोंडावर आली, ती ओढून काढताना चष्माही तिच्याबरोबर निघाला आणि कठड्यापलीकडे गेला. आमचे हे म्हणाले, "अटलांटिकला वाचायला दिलास." त्यांना विनोद सुचत होता, कारण त्यांचा नाकावर होता.

यंदा पुन्हा जायचंय आणि ओळखीतल्या दोन-तीन जणी "काय काय घ्यायचं?" म्हणून विचारतायत. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

कागदपत्रांचं सगळ्यांना ठाऊक असतं. पासपोर्ट परत निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, शेंगेन व्हिसासाठीचा विमा निदान 30,000 युरोंचा, आणि सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याचं गणित वेगळं. झालं.

आता चष्मा. दुसरा चष्मा म्हणजे नवा करायला हवा असं नाही. कपाटात जुना पडलेला असतो, नंबर पाव-अर्ध्याने इकडेतिकडे असेल, तरी चालतो. माझा डिचोलीला घरी टेबलाच्या खणात होता. दोन महिने त्या खणातच राहिला आणि मी तिकडे औषधाच्या पाकिटावरचं लेकीकडून वाचून घेत होते. तो आज शोधा, निघायच्या आदल्या रात्री नको. काडी सैल असेल, नाकावरची गादी पिवळी पडली असेल, तर म्हापशाला बाजारात जाल तेव्हा नीट करून आणा. कडक डबीत घाला. कापडी पिशवीत ठेवलेला चष्मा घेतल्यासारखा नसतोच.

त्याच डबीत नंबराची चिठ्ठी. हे मी दोनदा लिहिणार आहे: नंबराची चिठ्ठी. आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो. आपल्याला आपला नंबर पाठ आहे असं वाटतं, पण "दीड आणि वर वाचायचा दोन" एवढ्यावर तिकडे कुणी काच घासून देत नाही. सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, असेल तर त्याचा अक्ष किती अंशांचा ते लागतं, वाचायची 'अ‍ॅड' (वाचण्यासाठीचा जादा नंबर) लागते, आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला ते पीडी म्हणतात, तेही लागतं. आपल्याकडच्या चिठ्ठीवर हे शेवटचं पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, दुकानात मोजून घेतात आणि तिथेच राहतं. ते विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. तेच विचारायला मी लिस्बनहून म्हापशाच्या दुकानात फोन लावायला बसले. उन्हाळ्यात लिस्बन आपल्या साडेचार तास मागे. तिथे दहाला दुकान उघडलं की इथे अडीच, म्हणजे शटर खाली आणि मालक जेवून आडवे. त्यांचं शटर वर जाईपर्यंत आमची त्या दिवशीची वेळ टळली, दुसऱ्या दिवशी त्यांना नंबरांची वही सापडली नाही, तिसरा रविवार. शेवटी तिथेच डोळे तपासून घेतले आणि प्रोग्रेसिव्ह काच (लांबचं आणि वाचायचं एकाच काचेत) यायला आठवड्याहून जास्त लागला. किती युरो लागले ते यांना अजून रुपयांत सांगितलेलं नाही.

बॅगांकडे वळू. आपला निघायचा मुहूर्त नेमका मे संपताना किंवा जूनमध्ये असतो, आणि गोव्यात बॅग भरायचा खरा त्रास पावसाचा. माळ्यावरची बॅग एप्रिल-मेच्या उन्हात काढा, उघडून दोन दिवस उन्हात ठेवा, चाकं आणि चेन बघा. खाऱ्या हवेने चेनीची कडी गंजते आणि ती कळते ती विमानतळावर. कपडे पाऊस सुरू व्हायच्या आत धुऊन खडखडीत वाळवून बाजूला ठेवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोरीवरून काढलेलं काहीही बॅगेत घालू नका, हाताला कोरडं लागलं तरी नाही. वीस तास बंद बॅगेत राहून तिकडे उघडलं की कुबट वास, आणि परक्या घरात पहिलं काम मशीन लावणं.

कपडे किती? तुम्ही मनात धरलेत त्याच्या निम्मे. तिकडचा उन्हाळा कोरडा, गॅलरीत टाकलेला कुडता जेवण होईपर्यंत वाळतो. आपल्याकडे जुलैत तीन दिवस लागतात, त्या हिशेबाने आपण कपडे घेतो, चूक तिथे होते. सहा-सात जोड पुरे. मात्र संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटतो, जूनमध्ये उजेड रात्री नवापर्यंत असतो, माणसं तेव्हाच फिरायला निघतात, त्यामुळे एक वारा अडवणारं जाकीट हवंच. शालीने भागत नाही. ओढणीचं काय होतं ते वर सांगितलंच.

चप्पल घालून चालेन असं म्हणू नका. लिस्बनचे फुटपाथ लहान पांढऱ्या दगडांचे, पायांनी झिजून गुळगुळीत झालेले, आणि गाव सगळं चढउताराचं. पणजीत जुन्या फुटपाथांवर तसले दगड पाहिले असतील, पण तिथे मैलोन्‌मैल तेच. रबरी तळव्याचे, आधी महिनाभर घालून मऊ केलेले बूट. घालूनच विमानात बसा, वजन वाचतं.

खाण्याचं आता नीट ऐका, कारण इथे माया आड येते. मानकुराद आंबे न्यायचे नाहीत. मला माहीत आहे, मे महिना आहे, झाडाचे आहेत, लेकीने वर्षभर चव घेतलेली नाही. युरोपात ताजी फळं न्यायला वनस्पती आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियान सोडून. मांस आणि दूध यांचं काहीच चालत नाही, म्हणजे घरचं तूप नाही, पेढे नाहीत, आणि शेजारच्या बाईंनी आपल्या मुलासाठी दिलेली चोरीसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, माळ तर मुळीच नाही. "कुणी बघत नाही" म्हणणाऱ्यांना त्यांचं त्यांनी न्यायला सांगा. सुकं नुस्तं, म्हणजे सुकी मासळी, नियमात बसतं, पण तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर दोन महिने सगळे कुडते सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, वासाचे. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोक्याच्या मालात मोडतं. नारळ नियमात बसला तरी वजनात बसत नाही, आणि तिथे दुकानात मिळतो.

वजन घरीच करा. टांगून वजन करायचा छोटा काटा मिळतो, तो घ्या. तिकिटावर 23 किलो असेल तर 22 वर थांबा. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे घाला, एक बॅग मागे राहिली तरी दोघांना एकेक जोड तरी मिळतो.

हातातल्या बॅगेत: औषधं पूर्ण मुदतीची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव, पॉवर बँक, ती चेक-इनमध्ये चालत नाही, पातळ पदार्थ 100 मिलिलिटरच्या आतल्या बाटल्यांत, म्हणजे लोणच्याची बरणी नाही, तेलाची बाटली नाही. आणि चष्मा. दुसरा, डबीतला, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत नको, ती दोहा-दुबईत राहिली तर तोही राहतो. एक नाकावर, एक हातातल्या बॅगेत. यांना मी सांगितलं तर म्हणाले, तिसरा खिशात ठेवू का. ठेवा म्हटलं.

फोनचं रोमिंग निघायच्या आधी चालू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही. प्लग तिकडे दोन गोल पिनांचा, एक अ‍ॅडॅप्टर पुरे.

घर बंद करायचं. फ्रिज रिकामा, दार किंचित उघडं. मेन स्विच, विहिरीचा पंप, गॅस. कपाटात कापूर. दर आठ दिवसांनी उघडायला किल्ली शेजारी. कुत्र्याचं काय ते आधीच ठरवा.

टॅक्सी आदल्या दिवशी सांगा, आणि विमानतळ मोपाचा की दाबोळीचा ते तिकीट बघून सांगा. बघताना कुठला चष्मा लावलाय तेही बघा, वाचायला जुना बरा म्हणून लावलेला असतो आणि नवा टेबलावर राहतो.