डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयर: एमटेक-एमएस करायचं असेल तर कॉलेज कसं निवडावं

रत्नागिरी-मालवणच्या पॉलिटेक्निकचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा: इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायला मुंबई गाठायची की घराजवळ राहायचं? पुढे एमटेक किंवा परदेशात एमएस करायचं असेल, तर त्याआधी वहीत उलटा हिशेब मांडा.

एमएसचे अर्ज बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी डिसेंबरच्या आसपास जातात. तुम्ही तिसऱ्या सेमिस्टरला दाखल होणार, म्हणजे तेव्हा डिग्रीच्या फक्त चार सेमिस्टरचे गुण हातात असतील. एक जरी घसरली, तरी भरून काढायला वेळ उरत नाही. अमेरिकेत साधारण तीन शिफारसपत्रं मागतात आणि सर तुम्हाला जेमतेम अडीच वर्षं ओळखत असतात. म्हणून कॉलेजच्या नावाआधी तिथली माणसं बघा.

आता प्रत्यक्ष जाऊन या. भर पावसात एसटीचा प्रवास नकोसा वाटतो, पण हा दिवस वाचवू नका. ग्रंथालयात आपल्या शाखेचे मागच्या तीन वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट मागा. भाच्याला घेऊन मी एका कॉलेजात गेलो होतो. तिन्ही वर्षांच्या रिपोर्टवर शीर्षक तेच, मुलांची नावं तेवढी बदललेली! असं दिसलं की ते कॉलेज यादीतून खाली सरकवा. लॅबमध्ये यंत्रावरचं कव्हर शेवटचं कधी निघालं ते सबमिशनच्या रांगेतल्या मुलांना विचारा, ती खरं सांगतात. शाखेत पीएचडी झालेले, स्वतः संशोधन करणारे किती शिक्षक आहेत, हेही विचारा. रायगडमधल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात एमटेक आणि पीएचडी तिथेच चालतं, त्यामुळे संशोधन करणारे सीनिअर रोज भेटतात. मुंबईतल्या एखाद्या साध्या खासगी कॉलेजपेक्षा मला हे मोलाचं वाटतं. मुंबईतलंच नावाजलेलं व्हीजेटीआय मिळत असेल तर मात्र जरूर जा.

मग मान्यता तपासा. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था. नॅकची मान्यता अख्ख्या कॉलेजला असते, एनबीएची एकेका शाखेला. म्हणून आपली शाखा शोधा. इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांचा दर्जा देशांनी एकमेकांत मानण्याचा जो वॉशिंग्टन करार आहे, त्याचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, पण त्याखाली एनबीएची टिअर-१ (स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांसाठीची) मान्यता असलेल्याच शाखा येतात.

गणिताकडे दुर्लक्ष नको. डायरेक्टवाल्या मुलांचं डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित बुडालेलं असतं, आणि एमटेकच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेच्या बहुतेक पेपरांत १०० पैकी १३ गुण गणिताचे. एम-थ्रीला (दुसऱ्या वर्षाच्या गणिताला) डायरेक्टवाल्यांसाठी जादा तास होतात का, हे आधी विचारा. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्या जोरावर एमटेकला प्रवेश मिळाला, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळू शकतं.

कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरताना पसंतीचा क्रम मनापासून लावा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर तो पक्का धरला जातो.

शेवटी कागदपत्रं. दहावीपर्यंत १०, डिप्लोमाची ३ आणि डिग्रीची ३ अशी एमएसला अनेक ठिकाणी लागणारी शिक्षणाची १६ वर्षं तुमची भरतात. ती दाखवायला डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका लागतात. आपल्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते म्हणून लोक लॅमिनेशन करून घेतात. ते टाळा, असे कागद साक्षांकनाला अडतात. प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून कोरड्या कपाटात ठेवा.