पाणंद आणि बंधारा: कोल्हापुरात गाड्यांच्या वर्दळीबाहेर सायकल कशी फिरवावी

कोल्हापुरात सायकल बाहेर काढली की बहुतेक जण पन्हाळ्याचा नाहीतर गगनबावड्याचा रस्ता धरतात. दोन्ही रस्ते देखणे आहेत, पण मागून ट्रक आणि वडाप म्हणजे प्रवासी भरून धावणाऱ्या खाजगी गाड्या येत राहतात, आणि डोंगर बघायचा सोडून सगळं लक्ष हॉर्नकडं जातं. करवीर, पन्हाळा आणि राधानगरी तालुक्यांत याहून चांगली सोय पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. शेताशेतांमधून दोन्ही बाजूंना कुंपण घेऊन जाणारी पाणंद, आणि नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. या दोहोंची सांगड घातली की चारचाकी क्वचित दिसेल अशी दिवसभराची फेरी आखता येते. ती कशी आखायची ते सांगतो.

आधी हंगाम बघा

पावसाळ्यात पाणंदीत जाऊ नका. काळी माती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायरच्या मधली फट भरून चाक फिरायचं थांबतं. दसऱ्यानंतर वाट वाळते, ओढ्यांना पाणी असतं, कुंपणं अजून हिरवी असतात आणि कारखान्यांचं गाळप नुकतं सुरू व्हायचं असतं. माझ्या मते वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पाणंदीतूनच बाहेर पडतात, आणि त्यांना सायकलसाठी बाजूला व्हायला जागाच नसते. तेव्हा पहाटे निघा, आणि ज्या शिवारात तोड चालू आहे ते टाळा. एप्रिल-मे महिन्यांत करवंदं पिकतात. पण सकाळी दहानंतर सावली धरून बसायची तयारी हवी, आणि दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही.

मग बंधाऱ्यांची यादी काढा

दर पावसाळ्यात पेपरात एक बातमी येते: पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, कोगे, तुळशीवरचे बीड, आरे, बाचणी, कुंभीवरचे कळे, वेतवडे, मांडुकली, कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे, बाजारभोगाव हे बंधारे पाण्याखाली, वाहतूक बंद. ही बातमी कापून ठेवा. बाकीचे आठ महिने तीच यादी सायकलवाल्याचा नकाशा असते, कारण यातल्या प्रत्येक नावाच्या ठिकाणी मोठा पूल टाळून नदी ओलांडायची वाट आहे.

बंधारा कसा चालतो हे कळलं की त्याचा भरवसा कधी धरायचा तेही कळतं. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पावसाळ्यानंतर पाणी अडवतात, शेतीला वापरतात, आणि पुढच्या पावसाच्या आधी बरगे काढून घेतात म्हणजे पूर मोकळा वाहून जातो. खांबांवरून जाणारी वाट मुद्दाम खाली ठेवलेली असते, म्हणून ती पुरात सगळ्यात आधी बुडते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचं पाणी चढतं, आणि त्या दिवशी गावात पाऊस नसला तरी खालचे बंधारे बुडतात. वाटेवरून बोटभर पाणी वाहत असलं तरी सायकल घालू नका. पाणी ओसरल्यावर काही दिवस तिथं शेवाळ आणि गाळ राहतो. पुष्कळ बंधाऱ्यांना कठडा नाही. मी कोरड्या दिवसांतही उतरून, सायकल हातात धरून, मधोमध चालत जातो. एकदा समोरून वैरणीचा भारा लादलेली मोटरसायकल आली तेव्हा या सवयीची किंमत कळली.

पाणंद शोधा आणि विचारून घ्या

फोनवरच्या नकाशाचं उपग्रहाचं चित्र उघडा. उसाचा हिरवा रंग एकसारखा असतो. त्यातून गडद, थोडी वाकडी रेघ जाताना दिसली तर ती बहुधा पाणंद, म्हणजे कुंपणाची झाडं. ती रेघ गावातून निघून नदीपर्यंत जाते का बघा. मधेच विहिरीपाशी किंवा पंपाच्या खोलीपाशी संपत असेल तर ती एखाद्याच्या रानातली वाट आहे, सोडून द्या. अनेक पाणंदींवर आता मुरूम किंवा खडी पडली आहे, पण चित्रावरून ते नीट कळत नाही. म्हणून गावात शिरताना थांबून विचारायचंच. “मामा, ही पाणंद बंधाऱ्याकडं जाती का?” “जातीया की. पर फुडं पाट फुटलाय, वरनं जावा.” एवढ्या एका वाक्यानं तासभराचा चिखल वाचतो. विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न येणारच, “कुणीकडनं आलासा?” त्याला वेळ द्या. गुऱ्हाळ चालू असेल तर “घोटभर रस पिऊन जावा की” हेही येतं. काहिलीतून निघणारी गरम काकवी एकदा चाखली की पुढच्या चढाची चिंता राहत नाही.

सायकल आणि सामान

गिअर नसलेली सायकल नदीकाठाला चालते, पण एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर चढ आहेच. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दाते साधारण सारखे असावेत, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो आणि चढ बसून काढता येतो. नकाशावर एक किलोमीटरमध्ये ८० मीटर चढ दिसला तर तो ८ टक्के. सामान घेऊन तो सोपा नाही, ढकलत जायची वेळ हिशोबात धरा. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, आणि मुरमावर हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी. उतरणीपूर्वी ब्रेकचे रबर तपासा.

बाभळीचा काटा ठरलेला. दोन ट्यूब, पॅचचा डबा, पंप घ्या. पंक्चर काढून लगेच चाक लावायची घाई करू नका. टायरच्या आतून हलक्या हातानं बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही शंभर फुटांवर बसते. खायला गूळ-शेंगदाणे आणि काकडी पुरे. तांबड्या रश्शाचं जेवण संध्याकाळसाठी राखून ठेवा.

पाणंदीत शिरल्यावर

कुंपणात निवडुंग, घाणेरी, निरगुडी, करवंदीच्या जाळ्या, मधेच बांबूचं बेट. भारद्वाज धीम्या पावलांनी वाट ओलांडतो, सातभाईंचा कलकलाट पुढं पुढं सरकतो. इथं वेग कमी ठेवायला कुणी सांगावं लागत नाही. मात्र शेराचं झुडूप ओळखायला शिका. पेन्सिलीएवढ्या जाड, बिनपानांसारख्या दिसणाऱ्या हिरव्या कांड्या. फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. गेलाच तर भरपूर पाण्यानं धुवत राहा आणि डॉक्टर गाठा. हाताला लागला असेल तर तो हात डोळ्याला नेऊ नका.

वळणावर घंटी वाजवा. पलीकडं बैलगाडी किंवा म्हशी असू शकतात. म्हशी समोर आल्या तर थांबून त्यांना आधी जाऊ द्या. कुत्रं अंगावर आलं तर पळ काढू नका, उतरा, सायकल मधे ठेवून चाला. उघडलेलं कवाड पुन्हा लावा. ऊस मागून घ्या. मागितला तर नाही म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही.

सुरुवातीला ही फेरी करा

सहाला रंकाळ्यावरून निघा. पुईखडीचा चढ आणि राधानगरी रस्ता तेव्हा शांत असतो. हळदीला मोठा रस्ता सोडून भोगावतीचा काठ धरा आणि राशिवड्याला नाष्टा करा. तिथून तुळशीच्या खोऱ्यात आरे, मग कसबा बीड. बीडातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, बघायला अर्धा तास ठेवा. पुढं कोग्याच्या बंधाऱ्यांपैकी जो मोकळा असेल तो, आणि बालिंग्याहून परत. वाकडी वाट धरून साधारण ५० ते ६० किलोमीटर होतात. पायांत दम असेल तर आऱ्याला न जाता वर धामोडला तुळशी धरणापर्यंत जाता येतं.

दोन दिवस असतील तर राधानगरीला मुक्काम करा. वरचं अभयारण्य १९५८ साली झालं, गव्यांसाठी ओळखलं जातं, आणि गवे अंधार पडताना जवळच्या शेतांत उतरतात. म्हणून त्या बाजूला पाचनंतर सायकलवर राहू नका.

बालिंग्याच्या पुलापासून फुलेवाडीपर्यंतचा मोठा रस्ता मात्र टळत नाही. तिथं पोचायच्या आधी मागचा लाल दिवा लावा, आणि बीडाहून चारच्या आत निघा.